डोळे चोळणारी मुलं आणि कॉर्निया

उन्हाळ्याची धूळ उडू लागली, की काही शाळकरी मुलांचे, त्यातही मुलग्यांचे, डोळे खाजून लाल होतात, दोरीसारखा चिकट स्राव येतो. ही साधी खाज नसेलही. तीव्र ॲलर्जीत वरच्या पापणीआड फरसबंदीसारख्या गाठी उठतात. पापणी मिटताना त्या बुबुळावरच्या पारदर्शक कॉर्नियावर घासतात. सुजेतली रसायनंही त्याचा थर सोलतात. मग वरच्या भागात ढालीच्या आकाराची जखम होते. तिचा व्रण मध्यावर राहिला, तर नजर अधू होते. सततच्या चोळण्याने कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो.

खरी काळजी वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड थेंबांची. खाज झटकन थांबते, म्हणून घरचे महिनोन्‌महिने घालत राहतात; त्यातून काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. उजेड सोसेना, दुखू लागलं, धूसर दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.