वसतिगृहातले बंधुत्व : १९३८ चा ‘वंदे मातरम्’ लढा

धारूरहून विद्यापीठ किती दूर?

निजामाच्या राज्यात बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या मुलाला विद्यापीठात शिकायचे तर घर सोडण्याला पर्याय नव्हता. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया हे राज्यातले एकमेव विद्यापीठ होते, तेही हैदराबादला आणि उर्दू माध्यमाचे. मराठवाड्यात इंटरची सोय औरंगाबादच्या कॉलेजात होती. धारूरच्या शेजारी अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी विद्यालयात शिकवता शिकवता मुलांच्या मनात राष्ट्रीय विचार रुजवला होता.

प्रार्थनेवर बंदी

परक्या शहरात वसतिगृह हेच या मुलांचे घर. तिथे सायंप्रार्थनेला जमणे आणि ‘वंदे मातरम्’ म्हणणे यातूनच त्यांची एकी बांधली गेली. तिला ना घटना होती ना वर्गणीची पावती. सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये आधी औरंगाबादला, मग हैदराबादला हे गीतही म्हणू नये असे फर्मावण्यात आले. मुलांनी ऐकले नाही. आधी वसतिगृह सुटले, मग कॉलेज. माफी लिहून दिली असती तर वर्ष वाचले असते. शेकडो मुलांनी ती दिली नाही. घरी कर्ज काढून शिकायला पाठवलेल्या मुलांचा हा निर्णय आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. औरंगाबादेत या तरुणांना गोविंदभाई श्रॉफ यांचे मार्गदर्शन होते.

नागपूरने दार उघडले

काढून टाकलेल्या मुलांना कुणी घ्यायचे? नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी प्रवेश दिला. माझ्या मते या इतिहासात आंदोलनाइतकेच महत्त्व या एका निर्णयाला आहे, कारण त्यामुळे मुलांचे शिक्षण तुटले नाही. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच लढ्यातले. कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपुरातच घेतले.

पुढे काय झाले?

यातले अनेक तरुण हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राज्य मुक्त झाले. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादला.

धारूर, केज, अंबाजोगाई भागातल्या कुणाच्या घरी त्या काळातली पत्रे, नागपूरची प्रमाणपत्रे किंवा वसतिगृहातली छायाचित्रे असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला जरूर द्या.