कढत्या पाण्यांतील बिऱ्हाडकरू
(नभोवाणीवरील भाषण)

आयुष्यभर शाळेंत शिकवून आतां घरीं बसलेला मी एक शिक्षक आहें. विज्ञानाच्या तासाला मी फळ्यावर विषाणूचें चित्र काढीत असें. विषाणू पेशीला चिकटतो, आपलें बीजद्रव्य म्हणजे डीएनए आंत सोडतो, पेशीकडून स्वतःच्या पुष्कळ प्रती करवून घेतो आणि शेवटीं तिला फोडून बाहेर पडतो. चोर घरांत शिरला, घर लुटलें आणि भिंत फोडून पळाला, असा दृष्टान्तही मी देत असें. हें चित्र खोटें नव्हतें. परंतु तेवढेंच खरें, असें मीं मुलांच्या मनावर ठसविलें, ही माझी चूक. ती कशी, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

पृथ्वीवर कांहीं झरे असे आहेत कीं, त्यांचें पाणी चहाच्या आधणासारखें कढत आणि शिवाय लिंबाच्या रसासारखें आम्ल असतें. अमेरिकेंतील यलोस्टोन, आइसलंड, जपानमधील बेप्पू, इटलींत नेपल्सनजीकचें पोझ्झुओली हीं त्यांचीं प्रसिद्ध ठिकाणें. टॉमस ब्रॉक यांनीं यलोस्टोनचे झरे तपासले आणि १९७२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘सल्फोलोबस’ नांवाच्या एकपेशीय जीवाचें वर्णन प्रसिद्ध केलें. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, आम्ल पाण्यांत, हा जीव सुखानें वाढतो. १९७७ सालीं कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनीं दाखविलें कीं, जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या कांहीं जीवांचें कूळच मुळीं निराळें आहे. त्या कुळाला आज ‘आर्किया’ म्हणतात, आणि सल्फोलोबस त्यांतलाच ठरला. मिठागरें, दलदली, समुद्राचा तळ, इतकेंच काय, आपलीं आंतडीं, येथेंही आर्किया राहतात.

जेथें घर तेथें बिऱ्हाडकरू आलाच. जर्मनींतील वोल्फ्राम झिलिग व त्यांचे सहकारी यांनीं असे झरे धुंडाळून आर्कियांचे विषाणू गोळा केले. त्यांचे आकार पाहून शास्त्रज्ञही चकित झाले. कोणी लिंबासारखा, कोणी काडीसारखा, तर कोणी चक्क बाटलीसारखा! हे विषाणू आपणांस बाधत नाहींत. त्यांचा सारा व्यवहार आर्कियांशींच.

बेप्पूच्या सल्फोलोबसमध्यें राहणारा ‘एसएसव्ही-१’ हा लिंबाच्या आकाराचा विषाणू घ्या. पेशींत शिरल्यावर तो आपला डीएनए यजमानाच्या डीएनएमध्यें ठराविक जागीं गुंफून टाकतो. एका पेशीच्या दोन झाल्या कीं दोघींतही त्याची प्रत जाते. अतिनील किरणांचा मारा झाला, कीं त्याची संख्या झपाट्यानें वाढते. परंतु तेव्हांही तो पेशी फोडीत नाहीं. पेशीच्या पटलाला कोंब फुटतो, आणि त्या पटलाचेंच पांघरूण घेऊन विषाणू सुटा होतो. ही क्रिया २०१६ सालीं सूक्ष्मदर्शकानें स्पष्ट झाली. बाहेर कढतें आम्ल असतां घर मोडण्यापेक्षां तें राखण्यांतच बिऱ्हाडकरूचें हित आहे, असें अनेक शास्त्रज्ञांचें अनुमान आहे.

मात्र सारेच बिऱ्हाडकरू इतके सालस नसतात. आइसलंडमधील ‘एसआयआरव्ही-२’ हा काडीसारखा विषाणू पेशीवरील तंतूच्या टोकाला चिकटतो आणि आंत शिरल्यावर यजमानाच्या डीएनएचे तुकडे तुकडे होतात. मग पेशीच्या पृष्ठभागावर सात बाजूंचे इवलाले मनोरे उभे राहतात. ते विषाणूच्याच एका प्रथिनाचे बनलेले असतात. नवी पिढी तयार झाली कीं हे मनोरे पाकळ्यांप्रमाणें उमलतात, त्या दारांतून विषाणू बाहेर पडतात, आणि मागें रिकामें टरफल उरतें. ही रीत २००९ सालीं उघडकीस आली.

पोझ्झुओलीचा एक विषाणू याहून विलक्षण. पेशीबाहेर पडल्यावर, यजमानाची कांहींही मदत न घेतां, त्या कढत पाण्यांत तो आपल्या दोन्ही टोकांना शेपट्या वाढवितो! २००५ सालीं हें प्रसिद्ध झालें. पेशीबाहेर विषाणू अगदीं निपचित असतो, हेंही मीं मुलांना ठासून सांगितलें होतें.

आतां घरमालकाची बाजू. स्पेनमधील सांता पोलाच्या मिठागरांतील एका आर्कियाचा अभ्यास करीत असतां फ्रान्सिस्को मोहिका यांना त्याच्या डीएनएमध्यें ठराविक अंतरानें पुनःपुन्हा येणारे सारखे तुकडे आढळले. हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. त्या तुकड्यांच्या मधल्या जागांत काय लिहिलें आहे, हें उमगावयास बारा वर्षें लागलीं. २००५ सालीं दिसून आलें कीं, तेथील मजकूर विषाणूंच्या डीएनएशीं जुळतो! हल्ला करणाऱ्या विषाणूचा एक तुकडा पेशी जणूं आपल्या वहींत टिपून ठेवते. तोच पुन्हा आला, कीं टिपणावरून ओळखून त्याचा डीएनए कापून टाकते. ती वही पुढच्या पिढीलाही मिळते. हेंच ‘क्रिस्पर’. २००७ सालीं दही विरजणाऱ्या जीवाणूंवर प्रयोग करून तें सिद्ध झालें. विषाणूही स्वस्थ बसले नाहींत. ही कात्री बोथट करणारें प्रथिन काडीसारख्या विषाणूंत २०१८ सालीं सांपडलें.

जीवाणूंमधील अशीच एक कात्री घेऊन एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना यांनीं डीएनए हवा तेथें कापण्याचें साधन घडविलें. त्याबद्दल त्यांना २०२० चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनीं मान्यता दिली. आपल्या विदर्भांत आणि नंदुरबारकडे या आजारानें किती कुटुंबें गांजलीं आहेत, हें सांगावयास नको. त्या उपचाराची अमेरिकेंत जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर होती! औषध निघालें, तें गरिबाच्या दारापर्यंत नेण्याचें काम उरलें आहे.

मिठागरांतील जीवाची वही वाचावयास मोहिका बसले, तेव्हां तिचा असा उपयोग होईल, हें कोणासच ठाऊक नव्हतें. माझे जुने विद्यार्थी हें भाषण ऐकत असतील, तर त्यांना एकच विनंती आहे. फळ्यावरचें तें चित्र पुसूं नका. मात्र त्याच्या शेजारीं आणखी दोनतीन चित्रें काढावयास जागा ठेवा.