दोन डॉलरचा बोर्ड भाईंदरला पोचेपर्यंत

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात पंपाचा टायमर बनवणाऱ्याला किंवा मीरा रोडच्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात. आपल्या आराखड्याचा पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषांनी भाग जोडणारी पाटी, मात्र बनवूनच घ्यावी लागते. शेन्झेनच्या जेएलसीपीसीबी, पीसीबीवे अशा कंपन्या १०० बाय १०० मिलिमीटरपर्यंतचे दुपदरी पाच बोर्ड दोन ते पाच डॉलरांत देतात. हा आकडा खरा आहे. फक्त पूर्ण खर्चातला तो बहुधा छोटासाच भाग असतो.

सुरुवात जर्बर फाइलने होते. बोर्डाच्या प्रत्येक थराचे नेमके चित्र तिच्यात असते आणि किकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ती काढता येते. छिद्रांची ड्रिल फाइल जोडायला विसरलात, तर काम तिथेच अडते.

मग मापे. रुंदी १०२ मिलिमीटर झाली तरी सवलतीचा दर जातो. एकाच पाटीत तीन वेगळी डिझाइन्स बसवली की जादा शुल्क लागते. जाडी १.६ मिलिमीटर आणि रंग हिरवा ठेवा. सोन्याचा मुलामा, चार थर हे गरज असेल तरच.

पुढची पायरी कुरिअरची, आणि इथे पैसा खरा जातो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन (लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००) यांपैकी जास्त असेल ते धरतात. सोल्डर पेस्ट लावायची स्टेन्सिल चौकटीसह मागवली, तर खोके मोठे होते आणि बोर्डांपेक्षा भाडेच कितीतरी पट होते. स्टेन्सिल बिनचौकटीची, बोर्डाच्या मापाला कापलेली मागवा.

आता कस्टम्स. कोऱ्या बोर्डाचा वर्गीकरण क्रमांक ८५३४. त्यावर मूळ सीमाशुल्क नाही, पण आयजीएसटी १८ टक्के आहे. शिवाय मार्च २०२४ मध्ये चीन आणि हाँगकाँगच्या सहा थरांपर्यंतच्या बोर्डांवर अँटी-डंपिंग शुल्क बसले. परदेशी माल फार स्वस्तात येऊ नये म्हणून लावलेला हा कर उत्पादकागणिक बदलतो आणि ३० टक्क्यांपर्यंत जातो. जुने व्हिडिओ पाहून हिशेब मांडणारे नेमके इथे फसतात.

समजा बोर्ड ४०० रुपयांचे आणि कुरिअर १८०० रुपयांचे. विमानाने आलेल्या मालाच्या करमूल्यात भाडे मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरत नाहीत, म्हणजे मूल्य झाले ४८०. (भाड्याची पूर्ण रक्कम धरलेली दिसली, तर कुरिअरवाल्याला जरूर विचारा.) ३० टक्क्यांनी अँटी-डंपिंग शुल्क १४४ रुपये, मग ६२४ वर आयजीएसटी सुमारे ११२. एकूण कर २५६. त्यावर कुरिअर कंपनी कर आधी भरल्याबद्दल आपले शुल्क लावते, तेही जीएसटीसह. चारशेचे पाच बोर्ड असे अडीच हजारांच्या पुढे जातात. एकेक बोर्ड पाचशेहून महाग.

इनव्हॉइसवर मोघम ‘इलेक्ट्रॉनिक पार्ट्स’ लिहू देऊ नका. माल दुसऱ्या वर्गात गेला तर मूळ शुल्कही लागू शकते. किंमत कमी दाखवायची विनंती तर करूच नका, ती गुन्ह्यात मोडते. केवायसीची कागदपत्रे आधीच देऊन ठेवा, नाहीतर पार्सल विमानतळावर पडून राहते. आपला जीएसटी क्रमांक असेल, तर माल घरच्या आधारवर नको, फर्मच्या नावावर आणि त्याच क्रमांकावर सोडवा. त्यासाठी आयातदाराचा आयईसी क्रमांकही लागतो. आयजीएसटीची वजावट मिळते. अँटी-डंपिंगची मिळत नाही.

पाच बोर्डांऐवजी पन्नास घेतले, तर भाडे त्या प्रमाणात वाढत नाही आणि नगामागचा खर्च झपाट्याने उतरतो. म्हणून दोन-तीन मित्रांनी एकत्र मागवणे शहाणपणाचे. आणि पैसे भरण्यापूर्वी गांधीनगरच्या पीसीबी पॉवर किंवा बेंगळुरूच्या लायन सर्किट्सकडून त्याच जर्बर फाइलवर भाव मागवा. वेबसाइटवरच्या दोन डॉलरांशी नको, घरपोच पडणाऱ्या रकमेशी तो ताडून पाहा.