सह्याद्रीच्या दिवसात उमरेडचा तास

वाहिनीचा दिवस पडद्यावर येण्याआधी कागदावर उभा राहतो. दूरदर्शनमध्ये त्या कागदाला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात. सकाळच्या पहिल्या निवेदनापासून रात्री उशिरापर्यंत कोणती वेळ कोणाची, हे त्यात आखलेले असते. निर्माते बदलतात, निवेदक निवृत्त होतात, मालिका येतात आणि संपतात, पण ही चौकट वर्षानुवर्षे टिकते. एखाद्या वाहिनीला कोणाची किती पर्वा आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर हा तक्ता वाचावा. शेतकऱ्याला रानातून परतायची वेळ दिली आहे की कोणीच बघत नाही अशी एखादी कोपऱ्यातली वेळ, यावरून बरेच काही कळते. बीबीसीची दूरचित्रवाणी नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली, आणि युद्धानंतर १९५७ पर्यंत ब्रिटनमध्ये संध्याकाळी सहा ते सात हा तास कोरा ठेवला जाई, लहान मुलांना वेळेवर झोपवता यावे म्हणून. तो तास बरोबर होता की चूक, यावर तिथे भांडणे झाली आणि शेवटी तो भरला गेला. मात्र दिवसाची आखणी हा समाजाने आपल्या घरांविषयी घेतलेला निर्णय असतो, एवढे त्या कोऱ्या तासाने दाखवून दिले.

मराठीपुरता असा निर्णय पहिल्यांदा मुंबई दूरदर्शनने घेतला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र सुरू झाले तेव्हा त्याचा दिवस म्हणजे जेमतेम एक संध्याकाळ होती, आणि तीही मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी यांत वाटलेली. इतक्या तोकड्या वेळात ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होते, ‘कामगार विश्व’ गिरण्या-कारखान्यांतल्या लोकांसाठी होते, ‘किलबिल’ मुलांसाठी, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ साहित्य-कलांसाठी, आणि ‘गजरा’ निखळ करमणुकीसाठी. ‘ज्ञानदीप’ पाहून गावोगावी प्रेक्षकांची मंडळे स्थापन झाली, म्हणजे पडद्यावरचा कार्यक्रम पडद्याबाहेर कामाला लागला. आठवड्यातून एकदा ‘साप्ताहिकी’त पुढच्या सात दिवसांचे कार्यक्रम सांगितले जात, आणि लोक ते कान देऊन ऐकत. त्या काळच्या आठवणींत रमणे सोपे आहे. माझा मुद्दा वाटणीचा आहे. ज्याच्याकडे पैसा नाही, ज्याच्यासाठी जाहिरातदार रांग लावत नाही, त्यालाही दिवसातली ठरलेली वेळ मिळत होती. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली आणि २००० मध्ये तिचे नाव सह्याद्री झाले. संध्याकाळपुरता असलेला दिवस चोवीस तासांचा झाला. दुपारची ‘दामिनी’ ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका याच वाढलेल्या दिवसात मावली.

आता हा दिवस उमरेडहून पाहू. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचे, पन्नास हजारांवर वस्तीचे हे गाव. एका अंगाला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी, दुसऱ्या अंगाला कऱ्हांडल्याचे जंगल, शेजारच्या भिवापुरात मिरची. इथेच विदर्भाचा कापूस-सोयाबीनचा पट्टा सरत जातो आणि धानाचा सुरू होतो. अँटेनाचे दिवस सरले. आता सह्याद्री येते ती केबलवरून, नाहीतर महिन्याचे पैसे न लागणाऱ्या डीडी फ्री डिशवरून. म्हणजे वाहिनी पोचते, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या नजरेबद्दल. आठशे किलोमीटरांहून दूरच्या मुंबईत आखलेल्या दिवसात या भागाला जागा मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर दूरदर्शनचे केंद्र आहे, तिथे कार्यक्रम तयार होतात, सह्याद्रीवर लागतातही. पण अधूनमधून पाहुणा म्हणून येणे वेगळे आणि घरात आपली खोली असणे वेगळे. माझे म्हणणे एवढेच आहे की संध्याकाळच्या महत्त्वाच्या वेळेतला एक तास रोज, न चुकता, नागपूर केंद्राच्या हाती असावा. त्यात काय दाखवायचे हे त्या केंद्राने ठरवावे, आणि पूर्व विदर्भ हा त्याचा पहिला प्रेक्षक असावा.

अशा तासाने काय साधेल, हे गुलाबी बोंडअळीवरून कळते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातल्या कापसाची वाताहत केली. ती ओळखायची पहिली खूण म्हणजे डोमकळी: पाकळ्या एकमेकींना चिकटलेले, न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल. वर्णन वाचून ती चटकन ओळखू येत नाही. कॅमेऱ्यासमोर फूल धरून पाकळ्या उलगडल्या आणि आतली बारीक अळी दाखवली, की पाहणारा दुसऱ्या दिवशी आपल्या वावरात तीच शोधतो. कामगंध सापळा पिकाच्या किती वर टांगायचा, त्यात रोज किती पतंग सापडले की धोका समजायचा, वरून धड दिसणारे हिरवे बोंड फोडून का पाहायचे, हे सगळे दाखवण्याचे विषय आहेत. आणि ते त्याच आठवड्यात दाखवावे लागतात. पंधरा दिवसांनी आलेला सल्ला मेलेल्या पिकावरचा असतो. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. तिथला शास्त्रज्ञ सकाळी उमरेड तालुक्यातल्या शेतात उभा राहून संध्याकाळी त्याच शेतकऱ्यांच्या घरात बोलू शकतो. मुंबईहून आखलेल्या राज्यभराच्या कार्यक्रमात कोकणातला आंबा, नाशिकची द्राक्षे आणि विदर्भाचा कापूस आळीपाळीने येतात, आणि आळीपाळीला कीड थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप मोबाइलचा. हवे ते हवे तेव्हा पाहता येत असताना ठरावीक वेळेचा तास कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. नेटवर शेतीची माहिती भरपूर आहे आणि तरुण शेतकरी ती वापरतो. पण शोधायला आधी प्रश्न माहीत असावा लागतो. ज्याला डोमकळी ठाऊकच नाही तो ती शोधणार कशी? शिवाय सापडलेला व्हिडिओ कोणत्या राज्यातला, कोणत्या साली केलेला, औषध विकणाऱ्याने काढलेला की आणखी कोणी, हे घरी बसून कळत नाही. आणि नेट सगळ्यांपाशी नाही, हे २०२० च्या टाळेबंदीत शाळांनी अनुभवले. त्या जुलैपासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही शालेय मालिका सुरू झाली, प्रत्येक इयत्तेची वेळ ठरवून. ज्या घरात एकच साधा फोन होता आणि तोही बापाच्या खिशात कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाला त्या ठरलेल्या वेळेचा आधार होता.

दुसरा आक्षेप असा, की एवढ्याशा प्रेक्षकांसाठी रोजचा तास परवडत नाही. इथे ब्रिटनमधलाच एक दिवस आठवावा. वेल्श भाषा बोलणारे १९८० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास होते आणि त्यांचे कार्यक्रम इंग्रजी वाहिन्यांत विखुरलेले होते. स्वतंत्र वाहिनीचे वचन सरकारने फिरवले तेव्हा लोकांनी टीव्हीचे परवाना शुल्क भरायला नकार दिला, आणि ग्विन्फोर एव्हन्स या नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली. थॅचर सरकारला माघार घ्यावी लागली. १ नोव्हेंबर १९८२ रोजी एसफोरसी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. पहिल्या दिवसात सगळे वेल्श नव्हते. आठवड्याला बावीसेक तास वेल्श आणि बाकी वेळ चॅनेल फोरचे इंग्रजी कार्यक्रम, अशी वाटणी होती. पण संध्याकाळची मोक्याची वेळ वेल्शची होती, आणि बीबीसीने आठवड्याला दहाएक तासांचे कार्यक्रम करून द्यायचे ठरले होते. २०११ च्या जनगणनेत एकट्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६ लाखांवर होती. तेव्हा आकड्याचे कारण टिकत नाही.

‘लोक पाहणार नाहीत’ ही याच आक्षेपाची दुसरी बाजू. त्याला उत्तर झाडीपट्टीने दिले आहे. उमरेडच्या पूर्वेला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात. वडसा हे त्यांचे केंद्र. तिकीट काढून, शेकोटीच्या दिवसांत, पहाटेपर्यंत बसणारा हा प्रेक्षक कोणाच्या अनुदानावर जमलेला नाही. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. या भागाची भाषा खासगी वाहिन्यांवर मात्र बहुधा विनोदी पात्राच्या तोंडीच ऐकू येते. त्या विनोदाला माझी हरकत नाही. पण त्या भाषेत कोणी प्रेमही करते, कर्जही फेडते, मुलीच्या शिक्षणावरून नवऱ्याशी भांडते, हे दाखवायला जाहिरातीचा हिशेब न करणारी वाहिनी लागते. आणि नागपूरचा तास रत्नागिरीने का पाहावा, असे कोणी विचारले, तर उमरेडने इतकी वर्षे हापूसवरचे तुडतुडे पाहिलेच आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. सार्वजनिक वाहिनी म्हणजे सरकारची वाहिनी, मग तिला आणखी तास कशाला द्यायचे? आणीबाणीत दूरदर्शन कसे वागले ते विसरता येत नाही, आणि त्यानंतरही सत्तेत कोणीही असो, बातम्यांचा कल लपलेला नाही. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला पण अमलात यायला १९९७ उजाडले, यातच दिल्लीची अनिच्छा दिसते. तरीही त्याच कायद्याने शेती, ग्रामीण विकास आणि वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा-संस्कृती यांना पुरेशी जागा देणे हे कर्तव्य लिहून ठेवले आहे. आणि निर्णय जितके एका जागी एकवटतात तितके ते वरून वाकवणे सोपे जाते, हेही खरे. ज्या निर्मात्याला उद्या उमरेडच्या बाजारात सोयाबीन विकणारा माणूस भेटणार आहे, त्याला भावाविषयी खोटे सांगणे जड जाते. शेतीसाठी दूरदर्शनची वेगळी वाहिनी, डीडी किसान, २०१५ पासून आहे, पण ती देशभरासाठी आणि मुख्यतः हिंदीत आहे.

स्टुडिओ सेमिनरी हिल्सवर आहे, शास्त्रज्ञ त्याच शहरात आहेत, कलावंत पूर्वेला तालमी करत आहेत, आणि फ्री डिशची छत्री घराघरावर आहे. पेरणीच्या तोंडाशी, जूनमध्ये, हा तास सुरू करावा आणि कापूस वेचून होईपर्यंत तो शेतीचा ठेवावा. दिवाळीनंतर अर्धा तास नाटक आणि दंडार, खडी गंमत या इथल्या लोककलांना द्यावा. खाणीतल्या कामगारासाठी आठवड्यातला एक दिवस ‘कामगार विश्व’च्या धर्तीवर राखावा. सह्याद्रीच्या तक्त्यात त्यासाठी एक ओळ बदलावी लागेल.