बॅटमॅन गरीब असता तर? ८५ वर्षांची गोष्ट उलटी करणारं 'ॲब्सोल्युट बॅटमॅन' नेमकं काय आहे?

बॅटमॅन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काळा झगा, भलामोठा बंगला, बंगल्याखाली गुहा, गुहेत उभी असलेली ती गाडी आणि हातात ट्रे घेऊन आलेला आल्फ्रेड.

आता यातला बंगला काढून टाका. गुहा काढा. आल्फ्रेडलाही घरातून बाहेर काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँकेतला पैसा काढा. मग मागे कोण उरतं?

डीसी कॉमिक्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेली 'ॲब्सोल्युट बॅटमॅन' ही मालिका याच प्रश्नावर उभी आहे. लेखक आहेत स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रागोटा. २०२४ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या कॉमिक्समध्ये तिच्या पहिल्या अंकाचं नाव घेतलं जातं.

पण जगातल्या सगळ्यात श्रीमंत सुपरहिरोंपैकी एकाला एकदम नोकरदार का करून टाकलं? हे समजून घ्यायचं तर आधी मूळ गोष्ट बघावी लागेल.

मूळ गोष्ट किती जुनी?

बॅटमॅन पहिल्यांदा दिसला तो मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी त्याला जन्माला घातलं. (फिंगर यांना अधिकृत श्रेय मिळायला मात्र २०१५ साल उजाडावं लागलं.)

गंमत म्हणजे त्या पहिल्या अंकात तो बॅटमॅन का झाला, हे सांगितलेलंच नव्हतं. ते कळलं सहा महिन्यांनी, ३३ व्या अंकात. तेही अवघ्या दोन पानांत. लहानगा ब्रूस वेन आईबाबांबरोबर सिनेमा बघून घरी निघालाय. रस्त्यात एक चोर आडवा येतो, दोघांना गोळ्या घालतो. ब्रूस सूड घ्यायची शपथ घेतो. वडिलांनी मागे भरपूर संपत्ती ठेवलेली असते, त्यामुळे तयारीला काही कमी पडत नाही. एका रात्री खिडकीतून वटवाघूळ आत येतं आणि वेश ठरतो.

बाकीचं सगळं नंतर चिकटत गेलं. आल्फ्रेड आला १९४३ मध्ये. गुहा त्याच वर्षीच्या पडद्यावरच्या मालिकेतून कॉमिक्समध्ये शिरली. मारेकऱ्याला 'जो चिल' हे नाव मिळालं १९४८ मध्ये. तो सिनेमा 'झोरो'चा होता हे, आणि मोत्यांची माळ तुटून मोती रस्त्यावर विखुरतात ते प्रसिद्ध दृश्य, फ्रँक मिलर यांच्या १९८६ मधल्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मुळे लोकांच्या डोक्यात बसलं.

म्हणजे आपण जिला 'ओरिजिनल' गोष्ट म्हणतो, ती एका दिवसात लिहिली गेलेली नाही. प्रत्येक पिढीने तिच्यात आपली भर घातली आहे.

मग नव्या गोष्टीत काय बदललं?

जवळपास सगळंच.

'ॲब्सोल्युट बॅटमॅन'मधला ब्रूस २४ वर्षांचा आहे. तो बंगल्यात नाही, गॉथम शहराच्या क्राइम ॲलीमध्ये वाढलाय. मूळ गोष्टीत या गल्लीत त्याचे आईवडील मारले जातात. इथे ती त्याची स्वतःची वस्ती आहे. तो इंजिनिअर आहे. शहराचे पूल, रस्ते, गटारं यांची रचना त्याला तोंडपाठ आहे आणि रात्री तेच ज्ञान त्याच्या उपयोगी पडतं.

त्याचे वडील थॉमस इथे बडे डॉक्टर नाहीत, शाळेत शिक्षक आहेत. मुलांची सहल प्राणिसंग्रहालयात गेलेली असताना तिथे अंदाधुंद गोळीबार होतो. मुलांना वाचवताना थॉमस यांचा जीव जातो.

सगळ्यात मोठा बदल पुढे आहे. ब्रूसची आई मार्था जिवंत आहे. ती शहराच्या कारभारात काम करते. नेहमी पोलीस खात्यात दिसणारे जिम गॉर्डन या गोष्टीत राजकारणात आहेत.

आणि आल्फ्रेड? तो ब्रिटिश गुप्तहेर आहे. ब्रूसला तो कडेवर घेऊन वाढवत नाही, तर दुरून त्याच्यावर पाळत ठेवतो.

वेशही बदललाय. हा बॅटमॅन अंगाने प्रचंड धिप्पाड आहे. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह निघतं आणि त्याची कुऱ्हाड होते. महागडी यंत्रं विकत घेता येत नाहीत, म्हणून जे आहे त्याचंच हत्यार करायचं, असा हिशेब.

दरोडेखोराच्या जागी गोळीबार का?

१९३९ मध्ये अमेरिका महामंदीतून अजून पूर्ण बाहेर आलेली नव्हती. शहरातल्या माणसाची भीती होती ती अंधाऱ्या रस्त्यावर पिस्तूल रोखणाऱ्या चोराची. आजच्या अमेरिकेतल्या आईबापांना वाटणारी भीती वेगळी आहे. पोरगं शाळेत किंवा सहलीला गेलंय आणि तिथे कोणीतरी बंदूक घेऊन आलं तर?

याआधीही असंच झालंय. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या 'बॅटमॅन: इयर वन'मध्ये (१९८७) खरी कीड पोलीस खात्यातच होती. खुद्द स्नायडर यांनी ग्रेग कपुलो यांच्यासोबत २०१३-१४ मध्ये 'झिरो इयर' लिहिलं, त्यात अख्खं शहरच कोलमडतं. काळाची भीती बदलली की बॅटमॅनच्या जखमेचं कारणही बदलतं.

मुद्दा पैशाचा आहे

२०१७ च्या 'जस्टिस लीग' सिनेमात फ्लॅश ब्रूसला विचारतो, तुझी शक्ती काय? ब्रूस सांगतो, मी श्रीमंत आहे. थिएटरमध्ये हशा पिकला. पण सोशल मीडियावर याच विनोदाची दुसरी बाजू कायम मांडली जाते. इतका पैसा आहे तर शाळा काढ, दवाखाने उघड, लोकांना काम दे. एक अब्जाधीश रोज रात्री गरीब चोरांची हाडं मोडत फिरतो, हा कसला हिरो?

'ॲब्सोल्युट बॅटमॅन' या टोमण्याला गोष्टीतूनच उत्तर देतं. इथे ब्रूस ज्या वस्तीसाठी लढतो, तिथेच त्याचं घर आहे. हरला तर परतायला बंगला नाही.

उलट पैसा आहे तो जोकरकडे. जगभर फिरून प्रशिक्षण घेतलेला, गडगंज श्रीमंत आणि कधीच न हसणारा जोकर. ब्रूसची जुनी जागा लेखकाने त्याच्या शत्रूला देऊन टाकली आहे.

उद्याचे खलनायक, आजचे मित्र

जुन्या वाचकाला सगळ्यात जास्त चटका लावणारा भाग हा आहे. एडवर्ड निग्मा, ऑस्वाल्ड कॉबलपॉट, वेलन जोन्स, हार्वे डेंट. म्हणजे रिडलर, पेंग्विन, किलर क्रॉक आणि टू-फेस. या ब्रूसचे हे बालमित्र आहेत. सेलिना काइल, म्हणजे कॅटवुमनही त्यांच्यातलीच.

मूळ बॅटमॅनकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. या बॅटमॅनकडे आई आहे, मित्र आहेत. त्यामुळे शत्रूला नेम धरायला जागाही जास्त आहेत.

मग जुना बॅटमॅन संपला का?

नाही. ही गोष्ट समांतर विश्वात घडते. २ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या 'डीसी ऑल इन स्पेशल'मध्ये डार्कसाइड या महाखलनायकाच्या ऊर्जेतून हे 'ॲब्सोल्युट' विश्व तयार होतं. जुना, श्रीमंत ब्रूस आपल्या मालिकेत तसाच सुरू आहे. या नव्या विश्वातला सुपरमॅन कष्टकरी कुटुंबातला आहे आणि वंडर वुमन चक्क नरकात वाढलेली आहे.

व्यवसायाचं गणितही आहेच. ८५ वर्षांचा गुंता बघून नवा वाचक बिचकतो. 'अंक १' लिहिलेलं दिसलं की त्याला सुरुवात करता येते. मार्व्हलने २००० मध्ये 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' आणून हेच केलं होतं आणि २०२४ मध्ये त्याच नावाने पुन्हा केलं. या वेळचा पीटर पार्कर तर बायकोमुलांचा संसारी माणूस आहे.

शेवटी उरतं काय?

पैसा काढल्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. गरीब असला तरी हा बॅटमॅनही कायदा हातात घेतोच. त्याची मारहाण तर आधीपेक्षा जास्त अंगावर येते. एका माणसाच्या रागाने शहर सुधारतं का, हा प्रश्न १९३९ मध्ये होता आणि आजही आहे.

पण एक गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली. बंगला गेला, गुहा गेली, आल्फ्रेड दुरावला, तरी वाचकाने त्याला ओळखलं. कारण लहानपणी आपल्या माणसाला डोळ्यांदेखत गमावलेला एक मुलगा, आणि हे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये हा त्याचा हट्ट, एवढं मात्र कोणत्याच लेखकाने काढून टाकलेलं नाही.