'शिकागो रेडिओ' : एका पेढीचा इतिहास

स्वातंत्र्यचळवळीतील सभांची जुनी छायाचित्रे पाहिली, की पुढाऱ्यांसमोरच्या मायक्रोफोनवर अनेकदा 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे आढळतात. अमेरिकन शहराच्या नावाची ही पेढी प्रत्यक्षात पूर्णपणे देशी होती, आणि तिचा धागा आपल्या नाशिकरोडपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच तिची हकिगत येथे थोडक्यात सांगावी असे मला वाटले.

ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमधील सक्कर येथे विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला. पुढे कराचीमार्गे १९१९ मध्ये पेढी मुंबईस आली. टेलिफोनच्या सामानाबरोबर रेडिओ आला आणि 'शिकागो टेलिफोन अँड रेडिओ कंपनी' हे नाव रूढ झाले.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळी घरात रेडिओ घेणे म्हणजे मोठाच थाट. यंत्र परदेशी व महाग; छपरावर एरिअलची तार ताणावयाची; बटण फिरविल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावयाची. शिवाय ऐकण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा सरकारी परवाना! श्रोते थोडे, म्हणून परवान्यांचे उत्पन्न थोडे. परिणामी ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि प्रक्षेपण सरकारच्या हाती गेले. १९३६ मध्ये त्याचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे नामकरण झाले.

रेडिओ असा मूठभरांच्या दिवाणखान्यात असताना ग्यानचंदांचे पुत्र नानिक मोटवाने यांनी ध्वनिवर्धनाकडे लक्ष दिले. तत्त्व तेच : मायक्रोफोन आवाजाचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करतो, व्हॉल्व्ह तो प्रवाह वाढवितात आणि कर्णा त्याचा पुन्हा आवाज करतो. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये या पेढीचे कर्णे होते. गांधीजींचा आवाज मुळात बारीक. अफाट जनसमुदायात मागे बसलेल्या शेतकऱ्यास नुसते दर्शन नव्हे, तर शब्दही मिळू लागला. माझ्या मते या पेढीचे खरे कार्य हेच.

१९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालविला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटर्सवर तो ऐकू येई; १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. यंत्रसामग्री पुरविल्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांच्यावरही खटला झाला. उषाबहेनना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले. व्यापाऱ्याने केवढा धोका पत्करला होता, हे त्या आरोपावरूनच कळते.

पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ शेताच्या बांधावर गेला आणि १९८० च्या दशकात घरगुती परवान्याची अटही संपली. मोटवाने घराण्याचा उद्योग नाशिकरोडला विद्युत्मापनाची उपकरणे बनवू लागला.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी भाषणे अभ्यासतो, त्यांतील विचार तपासतो. ती भाषणे लोकांच्या कानांपर्यंत कोणी व कशी पोहोचविली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आपल्या इतक्या जवळ असताना आपण ते अभ्यासावयास हवे.