पोटातल्या जिवाणूचे चिलखत

सकाळी गोठ्यात शिरलात की नाकाला झोंबणारा वास येतो. तो अमोनियाचा. जनावरांच्या मुतातला युरिया जमिनीतले जिवाणू फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. हाच उद्योग एक जिवाणू आपल्या जठरात बसून करतो, असे सांगितले तर पटेल का?

काही महिन्यांपूर्वी एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले. सहा वर्षांपासून बेंबीच्या वर जळजळ, उपाशीपोटी दुखणे, रात्री दोनला जाग. "डॉक्टरसाहेब, तिखट सोडलं, चहा सोडला, रोज सोडा घेतो. दोन दिवस बरं, पुन्हा तेच." दुर्बिणीतून तपासणी केली. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण, म्हणजे अल्सर निघाला. मी म्हटले, "तिखटाला उगाच बदनाम केलंत. खरा चोर वेगळाच आहे."

त्या चोराचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. मी शिकत होतो तेव्हा अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि आम्ल, असेच शिकवत. जठरातल्या जहाल आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असा सर्वांचा समज होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये जठराच्या अस्तरावर वळणदार जिवाणू दिसले. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तर या जिवाणूंचे पाणी स्वतःच पिऊन पाहिले. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हा जिवाणू आम्लात जगतो कसा? त्याच्याजवळ युरिएज नावाचे एन्झाइम आहे. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. आपल्या रक्तातून जठरात थोडा युरिया झिरपतो. युरिएज तो फोडून अमोनिया तयार करते. अमोनिया आम्लाला मारतो आणि जिवाणूभोवती चिलखत तयार होते. त्या आडोशाने तो जठराच्या बुळबुळीत थरात शिरतो आणि वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो.

हे एन्झाइम दिसते कसे, हेही शास्त्रज्ञांनी शोधले. खडीसाखर करताना पाक स्थिर ठेवला की साखरेचे कण शिस्तीत रांगा लावतात आणि खडा तयार होतो. एन्झाइमचेही तसेच स्फटिक करता येतात. जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये जगात सर्वप्रथम एका एन्झाइमचे स्फटिक केले. ते युरिएजच होते, आपल्या अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून काढलेले. अशा स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांनी विखुरतात. त्या ठिपक्यांवरून गणित मांडून प्रत्येक अणूची जागा काढता येते.

या जिवाणूच्या युरिएजची रचना दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. बारा सारखे घटक जोडून झालेला तो पोकळ चेंडू आहे. प्रत्येक घटकात एक खाच, आणि प्रत्येक खाचेत निकेलचे दोन अणू. होय, आपल्या स्टीलच्या भांड्यांत असतो तोच निकेल! या खाचेत युरिया अडकतो आणि फुटतो. एरवी युरियाला आपोआप फुटायला वर्षे लागतात, इथे क्षणात काम होते. बारा घटक असे घट्ट बांधलेले असल्यामुळेच हा चेंडू आम्लात टिकत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

गंमत अशी, की चोराचे हत्यारच त्याला पकडून देते. दुर्बिणीतून काढलेला अस्तराचा कण युरिया घातलेल्या पिवळ्या औषधात ठेवतात. युरिएज असेल तर अमोनिया होऊन रंग गुलाबी-लाल होतो. युरिया पाजून श्वास तपासण्याचीही चाचणी आहे. मात्र तपासणीपूर्वी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके घेतलेली नसावीत, नाहीतर जिवाणू असूनही सापडत नाही. या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आमच्या दुकानदारांचीही चाचणी गुलाबी आली. मग त्यांनी कबूल केले, "दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पाचव्या दिवशी बरं वाटलं, सोडून दिल्या." इथेच घोटाळा होतो. आग थांबते ती आम्ल कमी झाल्यामुळे. जिवाणू अजून चिलखतात जिवंत असतो. अर्धवट औषधाने उरलेले जिवाणू पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत. त्यामुळे या वेळी मला प्रतिजैविके बदलावी लागली. त्यांनी चौदा दिवस पुरे केले. औषध संपल्यावर सहा आठवड्यांनी श्वासाची चाचणी केली, जिवाणू गेला होता.

हा जिवाणू असलेल्या प्रत्येकाला अल्सर होतो असे नाही. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो. पण जळजळ वारंवार होत असेल तर सोड्यावर वर्षे काढू नका. शौचाला डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच या जिवाणूला कर्करोगाच्या कारणांत घातले आहे.

आणि औषध सुरू केलेत तर शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. बरे वाटणे आणि बरे होणे यांत चौदा दिवसांचे अंतर आहे.